तोंडपाठ तक्ता

चष्मेवाल्याला डोळे दाखवून घ्या म्हणायचं, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बायको वर्षभर घसा कोरडा करत होती. दुकान दोघांचं. तो नंबर तपासायचा, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. ती गिऱ्हाईक सांभाळायची, आणि काचेच्या कामातही तयार होती. "डाव्या डोळ्यात दाब वाढलाय, उपचार सुरू करा, गेलेली नजर परत येत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून "येत्या सोमवारी जातो" हे पालुपद, पण या गृहस्थाचा सोमवार काही उजाडेना.

एका सोमवारी सर्दी. पुढच्या सोमवारी माल येणार. एकदा तर दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन स्वारी परत आली, म्हणे आत फार गर्दी होती! आणि हाच माणूस गिऱ्हाइकांना बोट नाचवून सांगायचा, "डोळ्यांशी खेळ नको हं, आजच्या आज डॉक्टर गाठा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

वर स्वतःची तपासणी रोज चालायची. दुकान उघडलं की उजवा डोळा झाकायचा आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता घडाघडा वाचायचा, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. "बघ, झालंय काही मला?" अहो, पंचवीस वर्षं तोच तक्ता! झोपेतसुद्धा म्हणून दाखवला असता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटी तिने नवा तक्ता मागवला आणि काही न सांगता जुन्याच्या जागी लावला. सकाळी त्याने उजवा डोळा झाकला आणि जुनी अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.

"अहो, तक्ता बदललाय," ती म्हणाली. "पहिलं मोठं अक्षरसुद्धा ते नाही."

त्याने हात काढला, बघितलं आणि गोरामोरा झाला. पण लगेच उसळला. "मला दिसत नसतं तर काम चुकलं नसतं? सहा महिन्यांत एक तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं का, सांग!"

तिचं डोकंच फिरलं. खालचा खण ओढून तिने काउंटरवर उपडा केला. वाकड्या घासलेल्या, कडेला टवके उडालेल्या काचाच काचा. तो दुपारी जेवून लवंडला की ती गुपचूप त्याचं काम तपासायची, बिघडलेली काच काढून नवी बसवायची.

तो एकेक काच उचलून उजेडात धरत राहिला. शेवटची खाली ठेवत म्हणाला, "मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल," ती म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांभाळून घेतेय, सांभाळून घेतेय म्हणत त्याच्या सोमवारांना तिनेच खतपाणी घातलं होतं. दोघंही एकाच माळेचे मणी!

"जेवून निघू या," तो हळूच म्हणाला.

क्षणभर तिलाही ते पटलं. मग तिने त्याला दंडाला धरून रस्त्यावर आणलं आणि सकाळी साडेदहाला दुकानाचं शटर खाली खेचलं.