बोटं खाली

मी मुलीला घरीच शिकवते, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. इतिहास अगदी सुरुवातीपासून, आणि ज्या काळाचा धडा, त्याच काळाची चित्रकला. सध्या अश्मयुग चालू आहे. काल ओवीने गेरूत हात बुडवून अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर ठसे उठवले. सगळे उलटे, बोटं जमिनीकडे. असं का, विचारलं तर म्हणाली, "असेच असतात."

दुष्काळाने यंदा माजलगावचं धरण आटलंय, ऊस नाही म्हणून साखर कारखानाही बंद. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बुडालेलं आमचं गाव वर आलंय. चला, पोरीला दावू."

गाळात एकच भिंत उभी होती. तिच्यावरच्या चुन्यात हातांचे ठसे. बोटं खाली.

"गाव उठलं तवा आमी बायांनी चुना लिंपून उठवले," सासूबाई म्हणाल्या. "पाण्या, खालीच ऱ्हा, वर येऊ नको, म्हणून. कुणाला सांगितलं न्हाई कधी. पाण्यानं कुठं ऐकलं?"

ओवी शांतपणे म्हणाली, "आता ऐकलं की."

घरी आल्यापासून मी फडका घेऊन ओवीच्या ठशांसमोर बसलेय. फडका भिजवायला टँकरचंच पाणी आहे.

तुम्ही असतात तर पुसलं असतं का?