ताईची बेस गिटार

गावात त्याला सगळे जिनेवाला म्हणत. तीस वर्षं त्यानं लाकडी जिने आणि त्यांचे कठडे बनवले. कठड्याचं वळण हाताला टोचता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. गाण्याबजावण्यातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. ते खातं थोरल्या बहिणीचं. ताई तरुणपणापासून एका नाचाच्या हॉलमध्ये बेस गिटार वाजवायची.

ताईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. तिची गिटार पाच किलोच्या घरातली.

"संपलं माझं," ती म्हणाली, आणि गिटार पलंगाखाली सरकवून दिली.

 दोन दिवसांनी जिनेवाला मोजायची टेप घेऊन हजर.

"ताई, हात पसर."

"अरे, मला काय ब्लाउज शिवतोयस?"

त्यानं तिच्या हाताचं, बोटांचं, खांद्याचं माप घेतलं. पलंगाखालची गिटार घरी नेऊन स्क्रू न् स्क्रू खोलली. तिच्या तारा चौतीस इंच लांब होत्या. नव्या गिटारीला त्यानं तीसच धरल्या, म्हणजे हात कमी ताणावा लागेल. मानेसाठी, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यासाठी, लाकडाचे तीन थर रेषा उलटसुलट ठेवून चिकटवले, आत लोखंडी सळई बसवली, कारण जाड तारांच्या ओढीनं मान वाकते. मानेवर सुरांसाठी आडव्या बसवायच्या धातूच्या पट्ट्यांच्या खाचांचा हिशेब करताना त्याच्या नाकी नऊ आले. प्रत्येक खाच आधीच्यापेक्षा किंचित जवळ, आणि केसभर चुकलं तरी सूर बेसूर. अंगासाठी त्यानं हातात धरलं तर जाणवूही नये इतकं हलकं लाकूड निवडलं.

ताईनं गिटार गळ्यात अडकवली, दोन सूर छेडले आणि म्हणाली, "छान झालीय रे."

तो खुशीत हॉलमधल्या तिच्या तालमीला गेला आणि मागच्या खुर्चीवर बसला. तिसऱ्या गाण्याला त्याच्या लक्षात आलं, की ताईचा डावा हात वाजवत कमी आणि गिटारची मान सावरत जास्त होता. हात जरा सैल पडला, की गिटारचं डोकं जमिनीकडे झुकायचं. अंग हलकं करण्याच्या नादात त्यानं तोलच घालवला होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू तीन महिने राबलास. कुठल्या तोंडानं सांगू?"

"जिन्याची पायरी हलत असती तर सांगितलं असतंस ना?"

ताई हसली. "पायरीवरून पडले असते रे!"

मान अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली होती, ती वाचली. अंग मात्र त्यानं नव्यानं कापलं. अंगाचं वरचं शिंगासारखं टोक पुढे लांबवलं, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्याची खुंटी बाराव्या पट्टीच्या जवळपास येईल आणि भार दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. मानेचं डोकं करवतीनं निम्मं केलं. त्यावरची नक्षी कोरायला आठ दिवस गेले होते. करवत चालवताना जीव थोडा कळवळला, पण हात थांबला नाही. तारा पिळायच्या जड खुंट्या काढून हलक्या बसवल्या. गिटारच्या पाठीची कड ताईच्या पोटाला रुतू नये म्हणून जिन्याच्या कठड्यासारखी घासून घासून गोल केली.

यावेळी त्यानं गिटार ताईच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "दोन्ही हात सोड."

तिनं सोडले. गिटार जागची हलली नाही. ताई नुसती उभी राहिली, हात हवेतच. मग तिनं वाजवायला घेतलं. एकामागून एक चार गाणी. तो लाकडाच्या भुशात बसून ऐकत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला गाण्याखालून चाललेला तो जाड, शांत सूर वेगळा ऐकू आला. इतकी वर्षं हे कानावरून कसं गेलं, याचं त्याला नवल वाटलं.

"कशी आहे? खरं सांग हं."

"खरं सांगू? जाड तार पाचव्या पट्टीवर जरा खरखरते."

"आण इकडे," म्हणत त्यानं खुशीतच कानस उचलली.