हलव म्हटलं आणि स्टिअरिंग हललं

आधीच सांगतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. सोळा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या... बर्फात, वाळूत, जिथं हुकूम होईल तिथं. स्मशानाला लागून ट्रकखाली झोपलोय आणि झकास घोरलोय. गावात कुणी म्हणालं की अमक्याला चिंचेखाली बाई दिसली, तर मी त्याला चारचौघांत विचारायचो, "किती घेतली हुतीस?" या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी ना नाही. मीही हसलो असतो.

गाव पलूस, जिल्हा सांगली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पेन्शनीवर आल्यावर मी घराला लागूनच, तासगावच्या रस्त्याला, पत्र्याची शेड टाकून गॅरेज सुरू केलं होतं. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, कधी एखादी मोटारसायकल... काम बरं चालायचं. आणि माझी स्वतःची एक जीप होती. मिलिटरीच्या लिलावातली, साताऱ्याच्या एका कंत्राटदारानं चार वर्षं पिळून काढलेली. त्याच्याकडून मी ती घेतली तेव्हा माझी बायको शालन माझ्याबरोबर साताऱ्याला आली होती. येताना सगळा रस्ता ती एका हातानं पुढची दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत बसली होती. कराडला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "आवं, म्हस घितली असती तर दूध तरी दिलं असतं."

आता कामातली एक गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालं की आम्ही म्हणतो, प्ले आला. हा प्ले नेमका कुठल्या सांध्यात आहे हे शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली उताणं पडून एकेका सांध्यावर हात ठेवून बघायचं. खालच्यानं "हलव" म्हणायचं आणि वरच्यानं हलवायचं. माझ्या शेडमध्ये वर बसायचं काम शालनचं. मांडीवर शेंगांचं सूप घेऊन बसायची. मी "हलव" म्हटलं की शेंगा फोडणं थांबायचं.

तिची हलवायची एक तऱ्हा होती. बाकीचे लोक स्टिअरिंग धरून गदागदा हलवतात, त्यानं काहीच कळत नाही. ही स्टिअरिंग चार बोटंभर डावीकडं न्यायची आणि तिथं थांबायची. मी पुढच्या सांध्यावर हात सरकवीपर्यंत थांबायची. मग चार बोटं उजवीकडं. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. तिला खालचं काही दिसायचं नाही, तरी माझा हात कुठं पोचला हे तिला कसं कळायचं, ते तीच जाणे.

आदल्या वर्षी आषाढात ती गेली. चार दिवसांचा ताप. बस्स.

त्यानंतरचं काय सांगू... पोरगं फौजेत, तिकडं आसामात. पोरगी मंगल तासगावला दिलेली. मी मुळातच तोंडाचा फटकळ, त्यात एकटा पडलो. गिऱ्हाईकावर खेकसायला लागलो, तसं गिऱ्हाईकही कमी झालं. शेजारच्या जैनांच्या पद्मावहिनी भाकरी पाठवायच्या, तर ताट परत करताना दोन शब्द बोलावेत एवढंही मला जमायचं नाही. कधी कधी दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू आलेला नसायचा. संध्याकाळी मुद्दाम पान्यावर पाना आपटायचो.

माघ महिन्यात मंगलचा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आणि न्यायचं तर सातव्यात न्यायचं. आठवा लागला की पोटुशीला गावची शीव ओलांडू देत नाहीत, मग बाळंतपण सासरीच. शालन आजारी पडायच्या आधीपासून म्हणायची, "मंगीचं पयलं हितंच करायचं. माझ्या हातानं." ते तिच्या हातानं होणार नव्हतं, पण निदान तिच्या घरात व्हावं एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढी एकच गोष्ट उरली होती मला करण्यासारखी.

म्हणून जीप घेऊन तासगावला गेलो. एस. टी.च्या हादऱ्यांत सात महिन्यांची पोटुशी पोर कशी आणायची? पण जीपनं घात केला. सगळ्या वाटेत मिस मारत होती — चार सिलिंडरांतलं एखादं मधेच दम सोडायचं, गाडी खोकायची, पुन्हा नीट व्हायची. आणि स्टिअरिंग हाताशी दगाबाजी करत होतं. व्याह्यांच्या दारात वळताना जीप डावीकडं ओढली गेली आणि बेदाण्याच्या शेडचा एक वासा मोडून उभी राहिली. तेही विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत.

विहीणबाई वाईट नाहीत. चहा दिला, पोहे दिले, मग समोर बसून सरळ विचारलं, "पाव्हणं, रागावू नगासा. पर ह्या गाडीतनं पोरगी कशी धाडू? आन धाडली तरी घरात बाईमाणूस कोन हाय? अडल्या-नडल्या येळंला तिनं कुणाला हाक मारायची?"

मी कप खाली ठेवला. मंगल दाराआड उभी होती. मी उठलो तशी ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आण्णा, गाडी नीट करून या. आठवा लागायला चार दिस हाईत अजून." एवढंच म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते आणि मला तिथं उभं राहवेना.

परत आल्यावर पहिल्यांदा एक काम केलं. पद्मावहिनींच्या दारात गेलो आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी विनंती केली. त्या म्हणाल्या, "त्यात काय विचारायचं? मी येऊन झोपीन की मंगलजवळ." अर्धी काळजी मिटली. मग जीपला हात घातला.

तीन दिवस मी त्या गाडीशी झगडलो. प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला, कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. जागेवर उभी असताना इंजिन घड्याळासारखं चालायचं. रस्त्यावर घातली की पुन्हा मिस. आणि स्टिअरिंगचा प्ले कुठं आहे ते शोधायला तर वर माणूस हवा होता. उसाची तोड ऐन भरात होती, गावात रिकामा माणूस नव्हता. होता त्याला बोलवायचं तर मी त्याच्यावर कधीतरी खेकसलेलो असायचो. शेवटी स्टिअरिंगला दोरी बांधली, तिची दोन्ही टोकं खाली घेतली आणि पडल्या पडल्या ओढून बघितली. स्टिअरिंग हिसक्यानं फिरायचं, हात सांध्यावर ठेवावा तर दोरी सुटायची. दोन तासांनी दोरी काढून फेकून दिली.

चौथा दिवस, भर दुपार. बारा-साडेबारा असतील. शेडचे पत्रे तापून कडकड करत होते, त्याखेरीज आवाज नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी जीपखाली उताणा पडलो होतो. हाताची चारीही बोटं सांध्यावर आपोआप गेली आणि तोंडातनं सवयीनं शब्द गेला — "हलव."

आणि बोटांखालचा सांधा हलला.

वर स्टिअरिंग चार बोटं डावीकडं न्यावं एवढाच. थांबला. मला वाटलं, कुणीतरी आलं. मी खालनं दोन्ही बाजूंना बघितलं. शेडच्या तोंडापर्यंत नुसती जमीन, कुणाचे पाय नाहीत. तोवर स्टिअरिंग उजवीकडं गेलं. मी हात पुढच्या सांध्यावर सरकवला. तो सरकेपर्यंत स्टिअरिंग थांबलं होतं... हात पोचला आणि मगच हललं.

मी तसाच घसटत बाहेर आलो. सीट रिकामी. शेडमध्ये कुणी नाही. रस्त्यावर लांब एक उसाची बैलगाडी तेवढी चालली होती. पुढची चाकं जमिनीवर टेकलेली, त्यांना दगड लावलेले, इंजिन बंद. अशा गाडीचं स्टिअरिंग आपणहून हलत नाही हे मला कुणी शिकवायला नको.

भीती वाटली का? नाही. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली, कारण मी रडायला लागलो होतो. तोंड पुसलं आणि पुन्हा खाली गेलो. काम अर्धं सोडायची मला सवय नाही, आणि तिलाही नव्हती.

तिसऱ्या सांध्यावर सापडलं. ड्रॅग लिंक म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकांपर्यंत नेणारा दांडा. त्याच्या पुढच्या टोकातली स्प्रिंग तुटली होती आणि आतली गोळी नुसत्या ग्रीसवर चिकटून बसली होती. वरून सगळं ठीकठाक दिसत होतं. एखाद्या वळणावर ती गोळी निसटली असती तर हातात नुसतं चाक राहिलं असतं. मंगल शेजारी बसलेली असती... तो विचार मी पुढं नेला नाही. माझ्याकडं जुन्या सामानात तशीच स्प्रिंग होती, ती घातली.

मग इंजिन सुरू केलं आणि पुन्हा खाली गेलो, नवी बसवलेली स्प्रिंग बघायला. म्हटलं, "हलव."

स्टिअरिंग डावीकडं गेलं आणि इंजिननं मिस मारली. उजवीकडं आलं, इंजिन साफ. पुन्हा डावीकडं, पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा तेच. जणू मंद पोराला पाढा शिकवावा तसं.

तेव्हा मला आठवलं. साताऱ्याहून आणल्यावर महिनाभरातच शालन म्हणाली होती, "आवं, हँडल वळलं की ही खोकती." मी म्हणालो होतो, "स्टिअरिंगचा आन इंजिनाचा काय संबंध? तू वांगी चीर." आम्हा मिस्त्री लोकांचं हे असंच. इंजिनाचं काम इंजिनात शोधायचं, स्टिअरिंगचं स्टिअरिंगात. बाईमाणसाला काय कळतंय, म्हणून मी ते तिथंच सोडून दिलं होतं, आणि दोन वर्षं ती खोकणारी गाडी चालवत होतो.

मी खालनंच म्हणालो, "कळलं. चुकलं माझं, शालन."

स्टिअरिंग थांबलं. बाहेर येऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. स्टिअरिंगच्या नळीची पकड ढिली झाली होती. स्टिअरिंग डावीकडं वळलं की नळी सरकून इंजिनाला करंट देणाऱ्या वायरीवर घासत होती. वायरीवरचं रबर जाऊन तांबं उघडं पडलं होतं. पट्टी गुंडाळली, पकड आवळली. पंधरा मिनिटांचं काम.

त्याच दुपारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तासगावला निघालो. जीप सुतात चालली. एकदासुद्धा खोकली नाही.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. मी गाडी वळवून अंगणात बरोबर लावली ते त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "गाडीचं झालं म्हणायचं. आन बाईमाणसाचं?"

पद्मावहिनींचं नाव माझ्या अगदी ओठांवर होतं. वाटभर तेच घोकत आलो होतो. पण तोंडातनं गेलं, "तिची आई हाय की."

मागं मंगल येऊन उभी राहिली होती. तिनं तोंडाला पदर लावला. आता आपल्याला येडा ठरवून वाटेला लावतील, अशी मी मनाची तयारी केली. विहीणबाईंनी एकदा जीपकडं बघितलं. मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "मंगल, ट्रंक भर. आन आईसाठनं खण ठिवलाय तुझ्या कपाटात, त्यो बी घे."

मंगल पलूसलाच बाळंत झाली. मुलगी. पद्मावहिनी होत्या, सुईण होती, सगळं सुखरूप झालं. सव्वा महिन्यानं मायलेकींना मी त्याच जीपमधनं तासगावला सोडून आलो आणि घर पुन्हा होतं तसं झालं.

पुढं मी बऱ्याच जणांना विचारलं, नावं न सांगता. फौजेतला एक जुना दोस्त म्हणाला, टायरला पीळ बसलेला असंल, तो उलगडला. असंल बाबा. पण पीळ एकदा उलगडतो, माझा हात पोचायची वाट बघत थांबत नाही. त्यानंतर मी कितीदा तरी त्या जीपखाली गेलो, काही बिघडलेलं नसतानासुद्धा गेलो. "हलव" म्हणालो. नाही हललं. हळू म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, तरी नाही.

जन्मभर मी कुणाशी खोटं बोललो नाही, आणि त्या दिवशी विहीणबाईंच्या अंगणातही मी खोटं बोललो असं मला वाटत नाही. मग मी जे बोललो ते खरं कसं होतं, ते मात्र मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.