हाताने न भरता येणारा रकाना

दृष्ट, शकुन, स्वप्नातले संकेत... यातलं काही मी कधी मानलं नाही. घरचं लाइट बिलसुद्धा मीटर वाचून ताडून पाहणारा माणूस मी. म्हणून घडलं तेवढंच लिहितो, तिखटमीठ न लावता.

माणिकपूरला डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम पाहतो. आसपासच्या गावांत आमची शिबिरं होतात. तिथे डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढतात आणि त्या फायली गठ्ठ्यानं — आम्ही ‘बॅच’ म्हणतो — डॉक्टरांकडे जातात. डेटाबेसमध्ये प्रत्येक पेशंटची एक ओळ: उजव्या डोळ्याची फाइल, डाव्याची फाइल, डॉक्टरांचा शेरा. शेवटचा रकाना ‘स्थिती’. तो हाताने भरताच येत नाही. आधीचे रकाने पाहून डेटाबेसच ठरवतो. सगळे भरलेले असले तर ‘पूर्ण’, नाहीतर ‘बाकी’. एकही ‘बाकी’ उरली नाही की बॅच बंद आणि रिपोर्ट रवाना. हे सूत्र मीच लिहिलेलं.

गेल्या वर्षी गिरीजच्या शिबिराची बॅच एका ओळीपाशी अडली. रोझीमावशी, साठी उलटलेल्या, भाजीच्या वाडीत राबणाऱ्या बाई. दोन्ही फायली जागेवर, शेरा ‘नॉर्मल’, तरी स्थिती ‘बाकी’. फायली उघडून पाहिल्या, ठीक. सूत्र तपासलं, ठीक. तीच माहिती जशीच्या तशी नव्या ओळीत टाकून पाहिली... तिथे लगेच ‘पूर्ण’. जुनी मात्र ‘बाकी’च.

शेजारच्या टेबलावरची शिल्पा म्हणाली, “सर, जुनी उडवा, नवीन ठेवा. लोकांचे रिपोर्टसाठी फोन येतायत.”

तिचं चुकत नव्हतं. पण ‘बाकी’ दिसेल त्या पेशंटला परत बोलवायचं, हा आमचा नियम. कारण कळत नाही म्हणून तो वाकवणं मला जमेना. फोन केला.

मावशी वैतागूनच आल्या. “परवा फोटो, आज परत फोटो. माझं लग्न जमवतोस काय रे?”

आल्याच आहेत तर म्हणून डॉक्टरांनी औषध घालून पडदा पार कडेपर्यंत तपासला. उजव्या डोळ्यात, अगदी कडेला, चीर निघाली. शिबिराच्या फोटोत तेवढी कड येतच नाही — म्हणजे फोटोही बरोबर होता, शेराही. डाव्या डोळ्यानं मावशींना लहानपणापासूनच अंधुक दिसायचं. उजव्याचा पडदा सुटला असता तर... त्याच दुपारी लेझर झालं.

नंतर नवी नोंद करायला मी ती ओळ उघडली. अजून एक अक्षरही टाइप केलं नव्हतं. स्थिती: ‘पूर्ण’. शिल्पाला बोलावून दाखवलं. तिनंही ‘पूर्ण’च वाचलं.

डेटाबेस सांभाळणाऱ्या इंजिनिअरनं बदलांच्या नोंदी तपासल्या. मधल्या काळात त्या ओळीला कुणी हात लावलेला नव्हता. असं होऊच शकत नाही, म्हणाला. मलाही तेच वाटतं. यंत्रणेत काही दोष असेलही. मी खूप शोधला, सापडला नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.

गेल्या महिन्यात मावशी तपासणीला आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्या माझ्यामागच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचण्यात रंगल्या होत्या.

“तुला नाही ना कळलं? मग राहू दे,” मान न वळवता म्हणाल्या. “मला दिसतंय.”