जन्मलेल्या पोरीची सोनोग्राफी

गोदूचा विश्वास ना दूधवाल्यावर, ना कोळणीच्या तराजूवर, ना स्वतःच्या जावयावर. दिवेआगरात कुणाकडे बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला गोदूच लागायची. पण बाळाच्या आईने काढलेलं पाणीसुद्धा ती आधी हात बुडवून बघायची. लोक हसायचे. हसोत बापडे! ताक फुंकून पिणाऱ्याचं तोंड आधी दुधाने पोळलेलं असतं.

गोदूचं पोळलं होतं लेकीपायी. नलू पोटुशी असताना सासूने तिला तपासणीला म्हणून कुठेशी नेलं. बंद खोलीत सोनोग्राफी झाली. मशीनची स्क्रीन नलूकडे पाठ करून ठेवलेली. डॉक्टर सासूच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि थोड्याच दिवसांत नलू रिकाम्या पोटाने माहेरी आली. मुलगी होती, हे कुणी सांगायला लागलं नाही. नवरा विनेश तेव्हा गप्प बसला, ते गोदू विसरली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी नलूला भार्गवी झाली. रांगायला लागलेली ती पोर परवा एकाएकी कळवळायला लागली. पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, मग मलूल पडायची. गोदूने बेंबीभोवती हिंग लावला, पण उतार पडेना. शीतून रक्त आलं तेव्हा मात्र तिचं धाबं दणाणलं. दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गाडीने त्यांनी थेट अलिबाग गाठलं.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर तस्नीम चाकांवरचं मशीन ढकलत खाटेशी आल्या. नलूने सांगितलेल्यावरून गोदूने ते ओळखलं आणि ती आडवी आली.

"जल्मलेल्या पोरीची कसली सोनोग्राफी? आता काय बघायचं ऱ्हायलंय?" मग विनेशकडे वळून, "तूच सांगितलंस व्हय रं?"



"आजी, आतड्याला काय झालंय ते यात दिसतं," तस्नीम म्हणाल्या. "उशीर केलात तर आतडं सडेल. पोर हातची जाईल."

"आये, सोड गं," नलू रडत म्हणाली.

गोदू बाजूला झाली, पण पदर खोचून स्क्रीनसमोरच उभी राहिली. करड्या धुक्यात कांद्याच्या चकतीसारखं काही दिसलं, कड्यात कडं. आतडं आतड्यात शिरलं होतं, उलट्या बाहीसारखं. मागच्या वाटेने हळूहळू पाणी सोडून ते बाहेर सरकवायचं, नाहीतर ऑपरेशन, असं तस्नीमनी सांगितलं. पाणी सुरू झालं. काहीतरी हातचलाखी असणार, म्हणून गोदू डोळ्यांत तेल घालून बघत होती. चकती सरकत सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. तरी तिला खरं वाटेना. भार्गवी शांत झोपली तेव्हा गोदू ओक्साबोक्शी रडली. एका मशीनने एक नात नेली, तसल्याच दुसऱ्याने ही ठेवली. शिव्या द्याव्यात की पाया पडावं, तिला कळेना.

सकाळी तस्नीम म्हणाल्या, "कधी कधी परत शिरतं. पुन्हा बघून घेऊ."

गोदूने स्वतःच मशीन खाटेशी ओढलं. तस्नीम पोरीच्या पोटाला हात लावणार, तोच तिने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आधी तो टीव्ही नलूकडं फिरवा."