चन्नम्मानं फोडलेला फुटपाथ

जुळे सोलापुरातल्या त्या रस्त्यावर करंजाची एकोणीस झाडं होती. कागदावर ती उद्यान खात्यानं लावली होती. पण खड्डे खणले चन्नम्मानं, आणि पहिले तीन उन्हाळे टँकरची नळी धरून पाणीही घातलं तिनंच. ती अक्कलकोटकडची. घरात कानडी, कामावर मराठी, आणि डोकं फिरलं की दोन्ही एकदम. रोजंदारीवरून कायम व्हायला तिला चौदा वर्षं लागली होती.

मार्चमध्ये ठेकेदारानं तिथं फुटपाथ केला. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले आणि उरलेली फट सिमेंटनं लिंपून टाकली. टँकरवाल्या सिद्धरामनं गाडी थांबवली, चन्नम्मानं सवयीनं नळी धरली, तर पाणी मुळांशी न जिरता सरळ गटारात गेलं.

ती मुकादमाकडे गेली. तो म्हणाला, बघू. ऑफिसात गेली. तिथले म्हणाले, साइटवाल्यांना सांगा. साइटवरचा ठेकेदाराचा सुपरवायझर युवराज मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मावशी, एवढ्यानं झाड मरत नसतंय."

एप्रिल संपेपर्यंत तीन मेली. चौथ्याचा शेंडा पिवळा पडलेला दिसला, त्या दिवशी सकाळी दहा वाजता तिनं टँकरमधली पहार काढली.

"अगं, नोकरी जाईल!" सिद्धराम ओरडला.

"जाऊ दे की."

भर रस्त्यात तिनं सिमेंट फोडायला सुरुवात केली. हाताला फोड आले, तरी एकेक झाड मोकळं करत ती पुढं सरकत होती. सातव्या झाडापाशी युवराज धावत आला, व्हिडिओ काढतच.

"सरकारी मालमत्ता फोडताय तुमी!"

"आन झाड कुणाची मालमत्ता हाय रं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "काढ, माजा फोटू जवळनं काढ. ती तीन मेलेली हायत की तितं, त्यांचा बी काढ!"

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात निलंबनाची नोटीस पडली.

चौकशीला उद्यान अधीक्षक वैजयंती मॅडम होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. माफीनामा टाइप करून तयार होता. "सही करा, विषय इथंच मिटवते," त्या म्हणाल्या.

"आधी वाचून दावा."

मॅडमनी वाचलं, 'माझ्या हातून चूक झाली...'

"थांबा. माजी न्हाय झाली. सही न्हाय करणार."

मॅडम वैतागल्या. नुकसान किती ते बघायला त्यांनी फुटपाथची फाइल मागवली, पानं उलटली आणि एका ओळीवर थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"काय लिवलंय?"

"प्रत्येक झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडावी."

"कवा लिवलंय?"

"काम सुरू व्हायच्या आधी."

चन्नम्मा खुर्ची मागं ढकलून उठली. "म्हंजे हे तुमच्याच कागदात व्हतं! मी दारोदार सांगत फिरले, तवा कुणी हे पान उलटलं न्हाय. आन मला फोटूवरनं नोटीस! आठ वर्सांची झाडं मारली तुमी. तुमाला न्हाय नोटीस?"

बाहेरचे कारकून दारात जमले. मॅडमनी माफीनामा फाडला, आणि नोटीसही मागं घेतली.

ठेकेदाराच्या माणसांना उरलेली नऊ झाडं मोकळी करावी लागली. टेप घेऊन चन्नम्मा शेजारी उभी होती. बोटभर कमी भरलं तरी पुन्हा फोडायला लावायची. युवराज मुकाट्यानं ब्लॉक उचलत होता. पिवळ्या शेंड्याच्या झाडाला जूनमध्ये नवी पालवी आली.

मेलेल्या तीन झाडांच्या जागी रोपं लावायचा कार्यक्रम ठरला. मंडप, हार, फोटो. मॅडमनी तिला पुढं बोलावलं. ती गेली नाही; पलीकडे टँकरपाशी उभी राहिली.

"आता तरी राग सोड की," सिद्धराम म्हणाला. "तुजंच खरं झालं."

"ती तिन्ही झाडं उबी ऱ्हायली आसती तर सोडला आसता," ती म्हणाली आणि नळी ओढत शेवटच्या करंजाकडे निघाली.