समुद्रदेवाची पहारेकरीण

मोहाडीच्या बाजारात मी मासळी विकते. तिथे दर आठवड्याला आठ-नऊ वर्षांची एक पोरगी यायची. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावर मुकुटासारखी चाळणी, हातात तीन फाट्यांची काठी. ग्रीक देवांच्या गोष्टींनी तिला पुरतं झपाटलं होतं. मला काही ती गोड वाटली नाही.

एकदा गिऱ्हाइकासाठी मी मासा कापायला घेतला, तर तिनं काठी आडवी घातली.

"थांब आजी! मासे पोसायडनचे हायेत. समुद्राचा देव हाय तो, भूकंप करते!"

गिऱ्हाईक हसत पुढे निघालं. माझं डोकं तापलं.

"काहून अडवून राहिली वं? आमच्या तलावातले मासे हायेत. ठेका मच्छीमार सोसायटीचा हाय. तुह्या देवानं बोली लावली होती का?"

तिनं काठी खाली घेतली. मग गिऱ्हाइकामागे धावली.

"ओ काकू, या वापस! देवाचे नाई, सोसायटीचे हायेत!"